वाचक विचारतात : दुधाचे दात, कायमचे प्रश्न

मुलांच्या दातांविषयी आलेल्या पत्रांचे सरळ दोन गठ्ठे पडले. एका गठ्ठ्यातले पालक दोन वर्षं आधीच घाबरलेले, दुसऱ्यातले दोन वर्षं उशिरा जागे झालेले. वाकडा दात पुढे कधीही सरळ करता येतो. जबड्याची वाढ मात्र ठरावीक वर्षांतच हाताशी असते. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात आधी मुलाचं वय पाहिलं आहे. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत.

दातांची नावं एकदा सांगून ठेवू. पुढचे चार चपटे ते पटाशीचे, शेजारचे टोकदार ते सुळे, मग उपदाढा, मग दाढा. दुधाच्या दातांत उपदाढा नसतात. दुधाच्या दाढा पडल्या की त्यांच्या जागी कायमच्या उपदाढा येतात.

प्रश्न : मुलगी साडेसहा वर्षांची आहे. खालचे दोन दुधाचे दात पडलेले नाहीत आणि त्यांच्या मागे, जिभेच्या बाजूला, दोन नवे दात आलेत. दातांच्या दोन ओळी दिसतात. जुने लगेच काढून घ्यावेत का? (एक आई, सांगली)

उत्तर : आधी बोट लावून पाहा. दुधाचे दात हलत असतील तर काहीही काढायचं नाही. खालचे कायमचे पटाशीचे दात मुळातच दुधाच्या दातांच्या मागच्या अंगाला तयार होतात. वर येताना ते दुधाच्या दाताचं मूळ झिजवत येतात. मूळ नीट झिजलं नाही की जुना दात जागा अडवून बसतो आणि नवा मागून डोकं काढतो. जुना पडला की जीभ आतून रेटत राहते आणि नवा दात काही महिन्यांत बराचसा पुढे येतो. तिला गाजर, सफरचंद पुढच्या दातांनी चावायला द्या, दात जिभेने हलवत राहायला सांगा.

दोन-तीन महिने झाले तरी दात ढिम्म असेल तर दंतवैद्य छोटा एक्स-रे काढून मूळ किती उरलंय ते पाहतील आणि तेवढे दोनच दात काढतील. ‘जागा व्हावी’ म्हणून शेजारचे दुधाचे सुळेही काढू या, असा आग्रह झाला तर कारण विचारा. सुळे गेले की पटाशीचे दात आत कलतात आणि पुढे सुळ्यांनाच जागा उरत नाही.

खालचे चार कायमचे पटाशीचे दात मिळून दुधाच्या चारांपेक्षा सुमारे ६ मि.मी. जास्त रुंद असतात, वरचे सुमारे साडेसात मि.मी. ही तूट भरून काढायची तर दुधाच्या दातांत फटी हव्यात. मोत्यासारखे चिकटून बसलेले दुधाचे दात फोटोत छान दिसतात, पुढे गर्दी बहुधा त्याच तोंडात होते.

हाच प्रकार वरच्या दाताचा असेल तर मात्र थांबू नका. वरचा कायमचा दात मागे येऊन, तोंड मिटल्यावर खालच्या दाताच्या आत अडकला, तर तो आपोआप सुटत नाही. उलट खालच्या दाताची हिरडी उतरू लागते. स्प्रिंग असलेली काढता-घालता येणारी प्लेट नीट वापरली तर असा दात दोन-चार महिन्यांत बाहेर येतो.

आणि बॅटरी लावून मागेही पाहा. साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पडता, नवी दाढ येते. ती दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं आणि आठव्या वर्षी ती किडून पोकळ झालेली असते. ती कायमची आहे. तिच्यावरच्या खोल खाचा सीलंटने बुजवून घ्या.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. वरच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट आहे आणि दात पंख्यासारखे बाहेर फाकलेत. त्याची आत्या म्हणते तार लावा. शेजारी म्हणतात, दोन्ही दातांना रबर अडकवलं की महिन्यात फट मिटते. (नाशिक)

उत्तर : रबराचं आधी. ते कधीही लावू नका, घरात कोणी लावलं असेल तर आज काढा आणि दंतवैद्याला दाखवा. दाताचं मूळ गाजरासारखं खाली निमुळतं होत जातं. दोन दातांना घातलेलं रबर त्या उतारावरून घसरत हिरडीत शिरतं आणि दिसेनासं होतं. आई-वडिलांना वाटतं, पडलं कुठेतरी. आत ते मुळाभोवतीचा हाडाचा आधार खात टोकाकडे सरकत राहतं. काही आठवड्यांत दोन्ही दात लांब दिसू लागतात, हलतात, हिरडीतून पू येतो. असे दात वाचवणं फार अवघड असतं.

आता फटीचं. सात ते अकरा-बारा या वयात वरचे दात फाकलेले दिसणं हा वाढीचाच टप्पा आहे. वरचे सुळे अजून हाडात उंचावर असतात आणि पटाशीच्या दातांच्या मुळांना बाजूने दाबतात. मुळं जवळ ढकलली जातात, म्हणून दातांची टोकं फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की दोन मि.मी.पर्यंतची फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. या वयात तारेने दात ओढून जवळ आणले तर शेजारच्या दाताचं मूळ येणाऱ्या सुळ्यावर आपटून झिजू शकतं.

फट त्याहून मोठी असेल तर एक्स-रे काढा. दोन दातांच्या मध्ये हाडात एखादा जादा दात दडलेला असू शकतो, शेजारचा दात जन्मतःच नसू शकतो किंवा वरचा ओठ आतून हिरडीला जोडणारी दोरी जाड असते. दोरी कापायचीच असेल तर फट तारेने मिटवल्यानंतर. आधी कापली तर तिथे व्रण धरतो आणि फट मिटायला तोच आडवा येतो. एका बाजूचा वरचा दात येऊन सहा महिने झाले आणि जोडीदार आलाच नाही, तरीही एक्स-रे हवाच.

प्रश्न : साडेपाच वर्षांच्या मुलाची खालची दुधाची दाढ किडली आहे. डॉक्टर रूट कॅनॉल आणि स्टीलची कॅप सांगतात. पडणाऱ्या दातावर एवढा खर्च कशाला? काढून टाकली तर? (छत्रपती संभाजीनगर, लातूर, डोंबिवली अशी तीन पत्रं)

उत्तर : कोणती दाढ, यावर सगळं आहे. पुढचा दुधाचा दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतो, पण मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायची असते. म्हणजे तुमच्या मुलाला ती अजून पाच-सहा वर्षं हवी आहे. चावण्याखेरीज तिचं एक मोठं काम आहे : मागून येणाऱ्या सहाव्या वर्षाच्या दाढेला ती जागेवर थोपवून धरते. ही भिंत काढली की मागची दाढ पुढे घसरते. सर्वांत जास्त सरकणं पहिल्या सहा महिन्यांत होतं. मग अकराव्या वर्षी तिथली उपदाढ यायला निघते तेव्हा दार बंद झालेलं असतं. ती हाडात अडकते किंवा जिभेच्या बाजूने वाकडी निघते. आज वाचलेले पैसे तेव्हा तारांच्या खर्चात जातात.

म्हणून दाढ वाचण्यासारखी असेल तर वाचवा. दुधाच्या दाढेच्या रूट कॅनॉलमध्ये कालांतराने विरघळणारं औषध भरतात, त्यामुळे दाढ वेळेवर पडायला अडचण येत नाही. वरून स्टीलची कॅप हवीच. नुसतं सिमेंट भरून सोडलं तर पोकळ झालेली दाढ वर्षभरात फुटते.

काढावीच लागली तर जागा राखणारी पट्टी बसवून घ्या. तिचं काम असं : शेजारच्या दाढेभोवती स्टीलची मापाची रिंग बसवतात, माप घेतात, आणि सुमारे ०.९ मि.मी. जाडीच्या तारेचा फास त्या रिंगेला डाग देऊन जोडतात. फासाचं दुसरं टोक रिकाम्या जागेपलीकडच्या दाताला टेकतं. हे सगळं सिमेंटने पक्कं करतात, मूल ते काढू शकत नाही. फास इतका रुंद हवा की खालची उपदाढ त्याच्या मधून वर येऊ शकेल, आणि हिरडीपासून किंचित वर हवा.

सहा वर्षांची दाढ अजून हिरडीतच असेल, जशी तुमच्या मुलाची असण्याची शक्यता आहे, तर साधा फास पुरत नाही. त्याला हिरडीच्या आत जाणारी पात लागते आणि एक्स-रे काढून तिची जागा तपासावी लागते. ही पट्टी नाजूक काम आहे, मुलांच्या दंतवैद्याकडेच करून घ्या. दाढ वर आली की ती बदलून साधी पट्टी बसवतात.

दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढा गेल्या असतील तर जिभेच्या बाजूने अर्धगोल तार बसवतात, पण खालचे चारही कायमचे पटाशीचे दात आल्यावरच. आधी बसवली तर ते दात तारेच्या मागे उगवतात.

बिघाड बहुतेक एकच होतो. रिंगेखालचं सिमेंट विरघळतं, रिंग किंचित ढिली होते, आत अन्न साचून दाढ किडते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवा. उपदाढेचं टोक दिसलं की पट्टी काढायची. ती वर्षानुवर्षं तशीच विसरून राहिलेली मुलंही असतात.

प्रश्न : नातवाला वरचे दात आधी आले. मामाला जड म्हणतात. काही करायला हवं का? (एक आजी, बार्शी)

उत्तर : मामाला कळवा की भाच्याला दात आले, एवढंच. बहुतेक बाळांना सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे दात आधी येतात, काहींना वरचे. हा क्रम पुढच्या कशाशीही जोडलेला नाही. जन्मतःच दात असलेल्या बाळाकडे मात्र लक्ष द्या. तो बहुधा जादा नसतो, दुधाचाच दात लवकर आलेला असतो. काढला तर सहा-सात वर्षांपर्यंत तिथे दुसरा येत नाही. फार हलत असेल आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असेल, किंवा जिभेखाली जखम होऊन बाळ दूध ओढत नसेल, तरच बालरोगतज्ज्ञांना विचारून काढतात.

प्रश्न : सात वर्षांची मुलगी रात्री अंगठा चोखते. कडुनिंबाचा रस लावून झाला, ओरडून झालं. आता वरचे-खालचे दात पुढे भिडतच नाहीत. (ठाणे)

उत्तर : चार वर्षांपर्यंतचं चोखणं फारसं मनावर घेऊ नये. कायमचे पुढचे दात आल्यावरही ते चालू असेल तर अंगठा दोन ओळींच्या मध्ये पाचर मारून बसतो. दात पूर्ण वर येत नाहीत, वरचे पुढे ढकलले जातात आणि गालांच्या ओढीने वरचा जबडा अरुंद होतो. किती जोरात चोखते यापेक्षा किती तास चोखते हे महत्त्वाचं. झोपेतले सहा तास हळूच चोखणं दिवसाच्या पंधरा मिनिटांपेक्षा वाईट.

ओरडणं बंद करा. मुलीला स्वतःला सोडायचं असेल तरच पुढचं काही चालतं. रात्री कोपराभोवती क्रेप बँडेज सैलसर गुंडाळा. जागेपणी हात वाकवता येतो, पण झोपेत अंगठा तोंडाकडे गेला की बँडेज ताणतं आणि हात खाली येतो. बोटं थंड किंवा निळसर वाटली तर ते घट्ट आहे. कॅलेंडरवर कोरड्या अंगठ्याच्या रात्रीची खूण तिनेच करायची. सहा-आठ आठवड्यांत फरक नसेल तर वरच्या दाढांना बसवलेली, टाळूमागे तारेची जाळी असलेली पट्टी लावतात. जाळीमुळे चोखण्याची मजाच जाते. सवय सुटल्यावरही ती तीन ते सहा महिने ठेवावी, नाहीतर आजारपणात किंवा परीक्षेच्या दिवसांत अंगठा परत येतो. जाळी लागल्यावर पहिले काही दिवस बोलणं बोबडं होतं, शाळेत आधी सांगून ठेवा.

ती तोंडाने श्वास घेते का, घोरते का, तेही पाहा. नाकामागच्या गाठी (ॲडेनॉइड) वाढून नाक बंद असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. बंद नाक असलेल्या मुलाच्या तोंडावर रात्री चिकटपट्टी लावायचे सल्ले सध्या फिरत आहेत. ते धोकादायक आहेत.

प्रश्न : साडेदहा वर्षांचा मुलगा. वरचे दात फार पुढे आहेत, ओठ मिटत नाहीत. शाळेत चिडवतात. एका डॉक्टरांनी आताच सुरू करा सांगितलं, दुसऱ्यांनी दोन वर्षं थांबा. कोणाचं ऐकायचं? (कोल्हापूर)

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात. मुलाला बाजूने पाहा. अशा मुलांत वरचा जबडा पुढे असण्यापेक्षा बहुधा खालचा मागे राहिलेला असतो. तसं असेल तर त्याला खालचा जबडा हळूच पुढे करायला सांगा. चेहरा लगेच चांगला दिसला तर जबडा पुढे आणणाऱ्या यंत्राचा उपयोग होईल.

ते वाढीच्या भरात लावायचं असतं. मुलींमध्ये हा भर साधारण अकरा-बारा, मुलांमध्ये तेरा-चौदाच्या आसपास. मुलीची पाळी सुरू झाली की वेग ओसरायला लागलेला असतो. बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांच्या आकारावरून वाढ कुठे आली ते कळतं. घरचा पुरावाही चालतो : गेल्या सहा महिन्यांत पँट आखूड झाली का? साडेदहाव्या वर्षी सुरू केलं तर दोन टप्पे होतात, एकूण काळ वाढतो, मूल कंटाळतं आणि शेवटचा निकाल योग्य वेळी एकदाच केलेल्या उपचारापेक्षा चांगला असतो असं नाही. लवकर सुरू करण्याला दोन खरी कारणं आहेत. दात सहा मि.मी.हून जास्त पुढे असतील तर पडून तुटण्याचा धोका बराच वाढतो, आणि चिडवण्याने मूल कोमेजलं असेल. दुसरं कारण पहिल्याहून कमी नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिलं जातं ते ट्विन ब्लॉक, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये प्रथम वापरलेलं. वर एक, खाली एक अशा दोन ॲक्रिलिकच्या प्लेटा. दोन्हींवर सुमारे ७० अंशांत उतरते केलेले ठोकळे असतात. तोंड मिटताना ते एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढे येऊनच बंद होतो. दिवसाचे २२ तास घालायचं, जेवतानाही. मुलं नेमकं जेवताना काढतात, आणि चावण्याचा जोर हेच तर त्याचं इंधन. पहिले तीन-चार दिवस वरण-भात, खिचडी, मऊ पोळी द्या. लाळ फार सुटेल, ‘स’ नीट म्हणता येणार नाही. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला लावलं तर आठवड्यात बोलणं सुधारतं. कानापुढचे स्नायू थोडे दुखतील. वरच्या प्लेटेत स्क्रू असेल तर सांगितल्या दिवशी बाणाच्या दिशेने पाव फेरा, विसरलात म्हणून दोन एकदम नाही. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. गरम पाण्याने ॲक्रिलिक वाकतं. तोंडाबाहेर असेल तेव्हा डबीतच. रुमालात, खिशात किंवा ताटाशेजारी ठेवलेलं यंत्र हरवतं.

सहा ते नऊ महिन्यांत दातांमधलं अंतर कमी होतं. पण सांगायला हवं की त्यातला मोठा भाग दात कलल्यामुळे असतो. खालच्या जबड्याची निसर्गाहून जास्त मिळणारी लांबी एक-दोन मि.मी.च्या घरातली. चेहऱ्यात फरक दिसतो, चमत्कार होत नाही. पुढे बहुतेकांना दात जुळवायला वर्ष-दीड वर्ष तारा लागतात. रोज आठ-दहा तासच घालणाऱ्या मुलाला यातलं काही मिळत नाही. त्याची तयारी नसेल तर सहा महिने थांबलेलं परवडतं.

तुमच्या मुलासाठी : एक्स-रे काढून वाढ पाहा. भर यायचा असेल तर दर सहा महिन्यांनी तपासणी आणि खेळताना माउथगार्ड. दात सात-आठ मि.मी. पुढे असतील किंवा शाळेत जाणं नको वाटत असेल तर आता सुरू करा.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीचा खालचा जबडा पुढे आहे. माझाही तसाच आहे. मोठी झाल्यावर ऑपरेशन करू असं घरी म्हणतात. (एक वडील, मडगाव)

उत्तर : इथे उलटा हिशेब. वर थांबा म्हटलं, इथे थांबू नका. अशा मुलांत बऱ्याचदा वरचा जबडाच मागे राहिलेला असतो, आणि तो पुढे ओढण्याचा काळ आठ-दहा वर्षांच्या आतला. आधी एक तपासणी : तिला सैल बसवून जबडा हळूच मागे नेत मिटवायला सांगा. पुढचे दात टोकाला टोक भिडून मग जबडा पुढे सरकत असेल तर दोष बराचसा दातांच्या अडकण्याचा आहे, आणि तो लवकर सुटतो.

खरा जबड्याचा दोष असेल तर टाळूत स्क्रूची पट्टी बसवतात. स्क्रू किल्लीने दिवसातून एक-दोन वेळा फिरवायचा, एका वेळेला पाव मि.मी. किल्लीला दोरा बांधून तो स्वतःच्या बोटाला गुंडाळा, म्हणजे ती घशात जाणार नाही. आठवड्याभरात पुढच्या दातांत फट पडते. घाबरू नका, टाळू रुंद होत असल्याची ती खूण, नंतर मिटते. त्यासोबत कपाळ आणि हनुवटीला टेकणारा फेसमास्क. त्याच्या रबरांचा जोर प्रत्येक बाजूला ३५० ते ४५० ग्रॅम, ओढ पुढे आणि थोडी खाली, दिवसाचे १२ ते १४ तास, नऊ-बारा महिने. शाळेतून आल्यावर घातला की सकाळपर्यंत. रबरं रोज बदला. मडगावच्या दमट हवेत हनुवटीला पुरळ येईल, पॅडखाली धुतलेलं सुती कापड ठेवा.

तुमच्याकडून आलेली वाढ पौगंडात पुन्हा जोर करू शकते. काही मुलींना सतरा-अठराव्या वर्षी वाढ थांबल्यावर ऑपरेशन लागतंच, पण मधली दहा वर्षं चांगल्या चेहऱ्याने जातात.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा चार महिन्यांपूर्वी झोपाळ्यावरून पडला. हनुवटीला टाके घातले, जखम भरली. आता तोंड पूर्ण उघडत नाही, एक बोट जेमतेम जातं. मालिश करू का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मालिश, शेक, लेप यांत दिवस घालवू नका. या आठवड्यात तोंड-जबड्याच्या सर्जनला दाखवा. या अंकातलं सर्वांत तातडीचं पत्र हेच.

हनुवटीवरचा मार कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचतो. लहान मुलांमध्ये जबड्याच्या हाडाचं ते गोल डोकं रक्ताने भरलेलं आणि मऊ असतं. ते चिरडलं की सांध्यात रक्त साचतं. मूल दुखतं म्हणून तोंड हलवत नाही, आणि त्या रक्ताचं आधी तंतूंत, मग हाडात रूपांतर होतं. जबडा कवटीला जोडला जातो. बाहेरची जखम चांगली दिसत असल्याने आत कोणाचं लक्ष जात नाही. त्याच बाजूची वाढ खुंटते, हनुवटी तिकडे वळते आणि पुढे जबडा मागे राहिल्याने झोपेत श्वास अडतो.

मोजायची रीत : मुलाने स्वतःची मधली तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांत घालावीत. तीन गेली तर ठीक. दोनच गेली, किंवा उघडताना हनुवटी एका बाजूला सरकली, तर सीटी स्कॅन हवा.

अजून हाड धरलं नसेल तर व्यायामाने तोंड उघडतं. आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दाढांमध्ये ठेवायची आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एकेक काडी वाढवत न्यायची. हाड धरलं असेल तर ऑपरेशन : जुळलेलं हाड काढून सुमारे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोकळी जागा करतात आणि पुन्हा जुळू नये म्हणून मध्ये कानशिलाच्या स्नायूचा पडदा घालतात. भूल देणं अवघड असतं, कारण तोंडच उघडत नाही. म्हणून नाकातून दुर्बिणीने नळी घालू शकणारे भूलतज्ज्ञ जिथे आहेत तिथेच जा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे.

ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांतच व्यायाम सुरू होतो, दिवसातून चार-पाच वेळा, किमान वर्षभर. सांधा पुन्हा जखडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रडतं म्हणून आई-आजीने सोडलेला व्यायाम.

बाकी वाचकांसाठी : मूल हनुवटीवर पडलं तर टाके घालतानाच सांध्याचा एक्स-रे मागा. मूल लहान असेल तर मोडलेल्या सांध्यावर सहसा ऑपरेशन लागत नाही. सात-दहा दिवस मऊ जेवण आणि मग तोंड उघडायचे व्यायाम, एवढं बहुतेकांना पुरतं.

प्रश्न : बारा दिवसांच्या बाळाचा ओठ आणि टाळू दुभंगलेला आहे. सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून झालं, असं नातेवाईक म्हणतात. दूध नाकातून येतं. (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : ओठ आणि टाळू गर्भाच्या साधारण चौथ्या ते बाराव्या आठवड्यात जुळतात. हे सुरू होतं तेव्हा अनेकींना दिवस राहिल्याचंही नक्की कळलेलं नसतं. आनुवंशिकता, फोलिक ॲसिडची कमतरता, तंबाखू, फिटची काही औषधं अशी कारणं एकत्र येतात. ग्रहण त्यात नाही, विळीही नाही. सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात हे घरात वाचून दाखवा.

आजचं काम दूध. टाळू उघडा असल्याने बाळाला ओढ लागत नाही, चिकाटीने ओढून ते दमतं. आईने दूध काढून बोंडल्याने, वाटी-चमच्याने किंवा दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने द्यावं. बाळ जवळजवळ बसतं धरा, धार गालाच्या बाजूला सोडा, मध्येमध्ये ढेकर काढा. एक पाजणं अर्ध्या तासापुढे नको, त्यापुढे जेवढं पोटात जातं त्याहून जास्त दमण्यात जातं. थोडं नाकातून येणारच. दर आठवड्याला वजन करा. रोज २० ते ३० ग्रॅम वाढ हवी.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात-जबडा जुळवणाऱ्या दंतवैद्याकडे न्या. टाळूच्या मापाची छोटी प्लेट आणि गालावरच्या चिकटपट्ट्यांनी फाकलेल्या हिरड्या आणि चपटी नाकपुडी जवळ आणता येते. प्लेट दर आठवड्याला थोडी घासून किंवा भर घालून बदलतात. नवजात बाळाची कूर्चा मऊ असते म्हणून हे जमतं, चौथ्या महिन्यात तितकं जमत नाही.

ओठाचं ऑपरेशन तीन ते सहा महिन्यांत. जुना ठोकताळा : वय किमान १० आठवडे, वजन साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांत, बोलायला लागण्याच्या सुमारास. उशीर झाला की नाकातून बोलण्याची सवय पक्की होते. अशा बाळांच्या कानात पाणी साचतं, म्हणून ऐकणं तपासत राहा. आठ ते अकरा वर्षांत, सुळा खाली येण्याआधी, हिरडीच्या फटीत कमरेच्या हाडातला मऊ भाग भरतात. हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो, कारण ओठ छान दिसतो म्हणून मधल्या वर्षांत कोणी फिरकत नाही. हाड नसेल तर सुळा यायला जमीनच नसते.

खर्चासाठी अंगणवाडीसेविका किंवा आशाताईंना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, त्यात दुभंगलेला ओठ-टाळू आहे. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांतही हे ऑपरेशन मोफत होतं. पुढच्या बाळात हे पुन्हा होण्याची शक्यता साधारण शंभरात तीन ते पाच असते. त्या आधी फोलिक ॲसिडबद्दल डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीचा ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) दोन महिन्यांत तिसऱ्यांदा निघाला. डॉक्टर आम्हालाच बोलतात. (पुणे)

उत्तर : डब्यात काय असतं ते पाहा. चिक्की, डिंकाचा लाडू, चकली, ऊस, भाजलेलं कणीस, पेरू आणि कच्ची कैरी दाताने तोडून खाणं, पेनाचं टोपण चावणं, यांतलं एक तरी सापडेल. पेरू-सफरचंदाच्या फोडी करून मागच्या दाढांनी खाता येतात, चिक्की अजिबात नाही. एकच ब्रॅकेट सारखा निघत असेल तर समोरचा दात त्यावर आपटत असेल. मग चूक मुलीची नाही, चाव थोडा उचलून घ्यायला सांगा. तार गालाला टोचत असेल तर टोकावर मेणाची गोळी दाबा, घरच्या नेलकटरने कापू नका. निघालेला ब्रॅकेट डबीत ठेवा आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. त्या दाताला तेवढे दिवस उपचारच मिळत नसतो.